पुडीत झोपलेले दोस्त

मुलांनो, तुम्ही सुकेळी खाल्ली आहेत का? वसई-विरारकडची मुलं लगेच मान डोलावतील. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे आगाशी-वसईच्या वाड्यांमध्ये राजेळी नावाची लांबलचक केळी होतात. ती चांगली पिकली की सोलायची आणि बरेच दिवस उन्हात वाळवायची. हळूहळू ती आक्रसतात, मधासारखी तपकिरी होतात आणि इतकी गोड लागतात की विचारू नका! मग केळीच्याच वाळक्या पानांत त्यांची पुडकी बांधायची. हा खटाटोप करणारी घरं आता थोडीच उरली आहेत. पण साधं पिकलेलं केळं चार दिवसांत काळं पडतं आणि सुकेळं मात्र महिनोन् महिने टिकतं, ही गंमत आजही पाहायला मिळते.

अर्नाळ्याला किंवा पाचूबंदरला गेलात, तर बांबूच्या आडव्या काठ्यांवर ओळीने लटकणारे बोंबील दिसतील. तुमच्या गच्चीवरही उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे आणि दह्यात मुरवलेल्या मिरच्या वाळत पडतात. हे सगळं कशासाठी? तर पदार्थ टिकावा म्हणून. पदार्थ नासवतात ते सूक्ष्मजीव. त्यांनाही आपल्यासारखंच पाणी लागतं. पाणी काढून घेतलं की त्यांचं खाणं-पिणं, वाढणं, सारं थांबतं. मीठ आणि साखर हीसुद्धा त्यांच्या तोंडचं पाणी पळवतात, अगदी खऱ्या अर्थाने!

इथवर सगळं सरळ आहे. आता मी तुम्हाला एक कोडं घालते.

कोडं असं आहे

औषधाच्या दुकानात एक छोटीशी पुडी मिळते. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरच्या काही डब्यांवरही तसंच काहीतरी छापलेलं असतं. त्यावर 'प्रोबायोटिक' असा शब्द असतो. त्याचा अर्थ काय? तर या पुडीत जिवंत जिवाणू आहेत, एक-दोन नाहीत, कोट्यवधी! पूड अगदी कोरडी खडखडीत. बोटाला लावली तर पिठासारखी.

मग सांगा पाहू, वाळवलं की सूक्ष्मजीवांचं सगळं थांबतं, हे आत्ताच आपण म्हणालो ना? तर मग या पुडीतले जिवाणू जिवंत कसे?

'थांबणं' आणि 'मरणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच या कोड्याचं उत्तर. रात्री तुम्ही झोपता तेव्हा धावत नाही, बोलत नाही, खात नाही. पण सकाळी उठताच ना! काही सूक्ष्मजीव पाणी गेल्यावर मरतात, तर काही झोपी जातात. पाणी मिळालं की पुन्हा उठतात. विश्वास बसत नसेल तर बेकरीत विचारा. पावासाठी किंवा नाताळातल्या फुग्यांसाठी जे कोरडं यीस्ट वापरतात, ते दिसतं मोहरीहून बारीक दाण्यांसारखं. कोमट साखरपाण्यात टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत फेस येऊ लागतो. ते दाणे झोपले होते, जागे झाले!

पण यीस्ट हा त्यातल्या त्यात काटक गडी. दुधा-दह्यातले जिवाणू त्याच्यापेक्षा नाजूक. त्यांना झोपवायचं, पण मरू द्यायचं नाही, ही मोठी कसरत आहे. ती कशी करतात ते आज पाहू.

आधी ओळख करून घेऊ

विरजण लावताना आई कोमट दुधात चमचाभर दही घालते. त्या चमच्यात असतात लॅक्टोबॅसिलस आणि त्यांचे भाऊबंद. ते दुधातली साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. त्या आम्लाने दूध घट्ट होतं आणि आंबट लागतं. हे जिवाणू किती लहान? एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर त्यांना एकापुढे एक झोपवलं, तर दोन-अडीचशे सहज मावतील.

यातला एक जिवाणू तर आपल्या देशाचा मानकरी आहे. मोर हा राष्ट्रीय पक्षी, वाघ हा राष्ट्रीय प्राणी, तसा 'लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी बल्गेरिकस' हा भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव आहे! २०१२ साली हैदराबादला जैवविविधतेची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तेव्हा ही घोषणा झाली. आणि त्याची निवड कोणी केली ठाऊक आहे? मुलांनी! 'सायन्स एक्सप्रेस' नावाची विज्ञानाची गाडी देशभर फिरत होती, ती पाहायला आलेल्या मुलांनी.

दह्याचे जिवाणू आणि आरोग्य यांची सांगड घालणारा एक मोठा शास्त्रज्ञ म्हणजे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेचनिकॉफ. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी मांडलं, की आंबवलेल्या दुधातले जिवाणू आपल्या आतड्यांना उपयोगी पडत असावेत. पुढे १९३० साली जपानमधल्या मिनोरू शिरोता यांनी आतड्यापर्यंत जिवंत पोचेल असा एक जिवाणू निवडून वाढवला.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दह्यातला प्रत्येक जिवाणू हा प्रोबायोटिक नव्हे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या ठरवली. त्यात तीन अटी आहेत. जिवाणू जिवंत हवा, पुरेशा संख्येने हवा आणि त्याचा आरोग्याला फायदा होतो हे तपासलेलं हवं. पहिलीच अट पाहिलीत? जिवंत हवा! मेलेले जिवाणू कितीही भरले तरी त्या पुडीला प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

पूड कशाला हवी?

तुम्ही म्हणाल, मग सरळ दहीच खावं की! खावंच. दह्यासारखं दुसरं काही नाही. पण दही दोन दिवसांत आंबट ढाण होतं. त्याला फ्रिज हवा. डोंगरावरच्या पाड्यात, लांबच्या प्रवासात, आजारी बाळाला मोजून-मापून द्यायला ते कसं न्यायचं? पूड हलकी असते, टिकते आणि मोजता येते.

दुधाची पूड आपल्याला नवी नाही. थंडीच्या दिवसांत म्हशी भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात ते आटतं. जास्तीचं दूध वाया जाऊ नये म्हणून १९५५ साली आणंदच्या डेअरीत म्हशीच्या दुधाची पूड करण्याचा कारखाना सुरू झाला. म्हशीच्या दुधाची पूड होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. हरिचंद दलाया या आपल्या तंत्रज्ञाने ती करून दाखवली. आणंद तेव्हा आपल्याच मुंबई राज्यात होतं, कारण महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले ते १ मे १९६० ला. त्या काळी आणंदचं दूध रेल्वेने मुंबईला यायचं, म्हणजे आमच्या विरार-वसईच्या रुळांवरूनच!

पण साध्या दुधाच्या पावडरमध्ये कोणालाच जिवंत जिवाणू नको असतात. उलट जितके कमी तितकं बरं. प्रोबायोटिक पुडीत मात्र ते जिवंत हवेत. म्हणून तीच यंत्रं जरा वेगळ्या हाताने चालवावी लागतात.

पाणी गेलं की काय होतं?

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. ना हात, ना पाय, ना डोकं. पाण्याने भरलेली एक इवलीशी पिशवी म्हणा ना! तिच्या भिंतीच्या आत एक पातळ पापुद्रा असतो. आत काय यावं, बाहेर काय जावं, हे तो पापुद्रा ठरवतो. पापुद्र्याचे कण एकमेकांपासून योग्य अंतरावर राहतात ते मधल्या पाण्यामुळे. पाणी गेलं की ते कण एकमेकांवर दाटीवाटीने कोसळतात. नंतर पाणी मिळालं तरी पापुद्रा पहिल्यासारखा सांधत नाही, फटी राहतात. आतला ऐवज गळून जातो आणि जिवाणू मरतो.

शिवाय पाणी घालवायला उष्णता द्यावी लागते. साधारण ५५ ते ६० अंशांच्या पुढे दुधातले बहुतेक मित्र-जिवाणू भराभर मरू लागतात. आणि पूड झाल्यावरही हवेतला प्राणवायू त्यांच्या पापुद्र्याला हळूहळू खराब करत राहतो. तेल खवट होतं ना, तसाच काहीसा प्रकार. म्हणजे शत्रू तीन झाले: कोरडेपणा, उष्णता आणि हवा.

दोन वाटा

पहिली वाट फवाऱ्याची. एक उंच टाकी असते. तिच्यात वरून जिवाणू मिसळलेल्या दुधाचा अगदी बारीक फवारा सोडतात आणि त्याबरोबर गरम हवा. किती गरम? १५० ते २०० अंश! ऐकून घाबरलात ना? जिवाणूंचा कोळसाच व्हायला हवा! पण होत नाही. का बरं?

माठ आठवा. माठातून पाझरणारं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठातलं पाणी गार राहतं. दुधाचा थेंबही तसाच. जोवर त्याच्यातलं पाणी उडतं आहे तोवर तो स्वतः फारसा तापत नाही, साधारण ४५-५० अंशांवर राहतो. खरा धोका शेवटी. पाणी संपलं, माठ कोरडा झाला, की थेंबाचा झालेला कण भराभर तापू लागतो. म्हणून टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान फार जपावं लागतं. ते जास्त ठेवलं तर जिवाणू मरतात, कमी ठेवलं तर पूड ओलसर राहते. सगळा खेळ काही सेकंदांचा!

दुसरी वाट गोठवण्याची. आधी जिवाणू शून्याखाली चाळीस अंश किंवा त्याहूनही थंड करून गोठवतात. मग त्या भांड्यातली हवा पंपाने ओढून घेतात. आता चमत्कार पाहा. बर्फ वितळतच नाही, सरळ वाफ होऊन उडून जातो! कपाटातल्या डांबरगोळ्या आठवतात? त्या ओल्या न होताच लहान लहान होत जातात. तसंच हे. उष्णतेचा चटका फारसा बसत नाही, त्यामुळे या वाटेने पुष्कळ जिवाणू वाचतात. पण वेळ फार लागतो, वीज फार लागते आणि खर्चही फार येतो. शिवाय बर्फाचे टोकदार स्फटिक पापुद्र्याला टोचू शकतात, तेही सांभाळावं लागतं.

पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा एक मोठा संग्रह आहे. हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुधातल्या जिवाणूंचा संग्रह आहे. पुस्तकांचं ग्रंथालय असतं, तसं हे जिवाणूंचं! तिथे काचेच्या छोट्या बंद नळ्यांमध्ये गोठवून वाळवलेले जिवाणू वर्षानुवर्षं झोपलेले असतात.

साखरेची गादी

पण कोणतीही वाट धरली, तरी नुसते जिवाणू वाळवून चालत नाही. त्यांना गादी घालावी लागते. ही गादी दुधाची आणि साखरेची असते.

पाणी उडून गेल्यावर पापुद्र्याच्या कणांमध्ये जी जागा मोकळी होते, तिथे काही साखरा जाऊन बसतात. जणू पाण्याने सांगितलं, "मी जरा जाऊन येते, माझी जागा धरून ठेव!" कण कोसळत नाहीत. या कामात ट्रेहॅलोज नावाची एक साखर फार तरबेज आहे. ती यीस्टमध्ये असते आणि पावसाळ्यात आपल्याकडे विकायला येणाऱ्या अळंबीसारख्या बुरशांमध्येही असते. दुधातली साखर आणि दुधातली प्रथिनंही जिवाणूंना सांभाळतात. म्हणून दुधाची पूड हे या जिवाणूंचं चांगलं अंथरूण ठरतं.

साखर आणखी एक काम करते. लिमलेटची गोळी पाहा. ती साखरेचीच, पण तिच्यात खडीसाखरेसारखे स्फटिक नसतात. ती काचेसारखी कडक आणि नितळ असते. साखरेचं पाणी भराभर आटवलं की अशी 'काच' तयार होते. पुडीच्या प्रत्येक कणात अशीच काच असते आणि जिवाणू तिच्यात बंद होऊन पडलेला असतो. हलायला जागा नाही, बिघडायला वाव नाही. जणू काचेच्या पेटीत झोपलेली गोष्टीतली राजकन्या!

शास्त्रज्ञांची आणखी एक युक्ती ऐका. वाळवण्याआधी ते जिवाणूंना थोडा वेळ बेताची ऊब देतात, मरणार नाहीत इतपतच. त्या इशाऱ्याने जिवाणू सावध होतात आणि स्वतःला वाचवणारी खास प्रथिनं तयार करतात. मग खरा चटका बसला तरी बरेच टिकतात. स्पर्धेआधी मैदानावर सराव करता ना तुम्ही, तसं!

तुमच्या दंडावरची खूण

वाळवलेल्या जिवंत जिवाणूचा पाहुणचार तुम्ही बहुतेक सर्वांनी घेतलेला आहे. डाव्या दंडावर वरच्या बाजूला एक छोटीशी खूण आहे का पाहा. ती बीसीजी लशीची. फ्रान्समधल्या काल्मेत आणि गेराँ या दोघांनी गुरांच्या क्षयाचा जिवाणू तेरा वर्षं पुन्हापुन्हा वाढवून इतका मवाळ केला, की तो रोग देईना, पण शरीराला लढायला शिकवू लागला. १९२१ साली ती लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली.

आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी ती गोठवून वाळवलेल्या रूपात तयार होते. बाटलीत दिसतो फक्त पांढरा थर. त्यात जिवंत जिवाणू झोपलेले असतात. आमच्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर नर्सताई खांद्याला थंड पेटी लटकवून चालत जातात, ते यासाठीच. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, द्यायच्या वेळीच पाणी मिसळायचं आणि मिसळल्यावर चार तासांत उरलेली टाकून द्यायची, असा नियम आहे. कारण पाणी मिळालं की झोप मोडते. एकदा जागा झालेला जीव पुन्हा तसाच झोपवता येत नाही.

जिवंत की मेलेले, ओळखायचं कसं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिवंत जिवाणूंची पूड आणि मेलेल्या जिवाणूंची पूड, दोन्ही दिसायला सारख्याच! रंग तोच, वास तोच, चव तीच. केळं काळं पडलं तर डोळ्यांना कळतं, दूध नासलं तर नाकाला कळतं. पण पुडीतले कोट्यवधी जिवाणू मेले, तर कोणालाच कळत नाही.

मग प्रयोगशाळेत कसं ओळखतात? ते पुडीला सांगतात, "वाढून दाखव!" एक ग्रॅम पूड पाण्यात मिसळतात. त्यातला दहावा भाग घेऊन दसपट पातळ करतात. पुन्हा दसपट, पुन्हा दसपट. अशा पायऱ्या उतरत गेल्यावर थेंबभर द्रव एका बशीत खाऊवर पसरतात. बशी उबेत ठेवली की दोन-तीन दिवसांत तिच्यावर ठिपके उठतात. एक जिवंत जिवाणू म्हणजे एक ठिपका, कारण एकाचे दोन, दोनाचे चार होत त्याची वसाहत तयार होते. मेलेला काही ठिपका उठवू शकत नाही. मग ठिपके मोजायचे आणि जितक्या वेळा दसपट केलं तितकी शून्यं पुढे लावायची. तुमचा दशमान पद्धतीचा धडा इथे कामाला येतो, बरं का! पुडीवर 'सीएफयू' अशी अक्षरं दिसली तर समजा, ही त्या ठिपक्यांचीच मोजदाद.

आपल्या देशात याचे नियम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ साली मार्गदर्शक तत्त्वं आणली. प्रोबायोटिक खाद्यपदार्थावर जिवाणूचं पूर्ण नाव हवं आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडाही हवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात.

हे सगळं एवढं काटेकोर कशाला? एक उदाहरण सांगते. ओडिशातल्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना सात दिवस एका निवडक लॅक्टोबॅसिलस जिवाणूची आणि त्याच्या खाऊची मात्रा दिली. उरलेल्यांना जिवाणू नसलेली मात्रा. जिवाणू न मिळालेल्या दर १०० बाळांपैकी ९ बाळांना रक्तात पसरणारा गंभीर संसर्ग झाला किंवा ती दगावली. जिवाणू मिळालेल्यांत हे प्रमाण ५.४ वर आलं. ती बाळं पूर्ण दिवसांची किंवा जवळपास तशी आणि बऱ्या वजनाची होती, जिवाणूही तपासून निवडलेला होता. म्हणजे कोणतीही पुडी कोणत्याही बाळाला द्यावी, असा याचा अर्थ नाही. फार आधी जन्मलेल्या नाजूक बाळांना तर असे जिवाणू धोक्याचेही ठरू शकतात. पण योग्य जिवाणू, योग्य बाळ आणि जिवंत मात्रा, हे जमलं तर केवढा फरक पडतो पाहा! त्या मात्रेतले जिवाणू वाटेतच मेले असते तर?

घरी काय सांभाळायचं?

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे.

कारखान्याने एवढ्या मेहनतीने झोपवलेले जीव शेवटच्या टप्प्यात, आपल्याच स्वयंपाकघरात मरू शकतात. आपल्याकडे समुद्र जवळ आणि पावसाळा चार महिन्यांचा. पापड सादळतात, बिस्किटं मऊ पडतात, मीठ पाझरतं, लिमलेटच्या गोळ्या कागदाला चिकटतात. गोळी चिकटली म्हणजे काय झालं? हवेतलं पाणी पिऊन साखरेची काच मऊ झाली. पुडीचंही तसंच होतं. काच मऊ पडली की आतला जिवाणू अर्धवट जागा होतो. खायला-प्यायला धड काही नाही, पुन्हा झोपताही येत नाही. असा थोड्याच दिवसांत मरतो. दुधाच्या पावडरचे खडे झाले, तर समजा ती सादळली आहे.

म्हणून डब्याचं झाकण घट्ट लावा. ओला चमचा घालू नका. डबा गॅसच्या शेजारी किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. वेष्टणावर थंड जागी ठेवा असं लिहिलं असेल तर तसंच करा. पुडी फोडली की लगेच वापरा. मुदतीची तारीख पाहा.

आणि सगळ्यात सोपी पण विसरली जाणारी गोष्ट: प्रोबायोटिक पुडी वाफाळत्या दुधात, गरम वरणात किंवा उकळत्या पाण्यात घालू नका. विरजण लावताना आपण दूध कोमट होऊ देतो ना? दह्याच्या जिवाणूला जे मानवत नाही, ते पुडीतल्या त्याच्या भावंडालाही मानवत नाही. काही औषधांत आपल्याभोवती टणक कवच करून बसणारे वेगळे जिवाणू असतात, ते जास्त उष्णता सोसतात. पण आपल्या हातात कोणती पुडी आहे आणि ती कशात द्यायची, हे डॉक्टरांनाच विचारावं. बाळांच्या दुधाच्या डब्यावर पाणी किती गरम घ्यायचं ते लिहिलेलं असतं, ते मात्र तंतोतंत पाळा. ते आकडे बाळाच्या सुरक्षिततेसाठी असतात, आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. आणि जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी आणि डॉक्टर, पुडी त्यानंतर.

करून पाहा

झोपलेले दोस्त खरंच जागे होतात का, ते घरीच पाहता येईल. थंडीतले कोरड्या हवेचे दिवस निवडा. मोठ्या माणसांना सोबतीला घ्या.

दोन चमचे ताजं दही स्वच्छ स्टीलच्या ताटलीत अगदी पातळ पसरा. वर मलमलचं फडकं झाका आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. उन्हात नको. पूर्ण वाळलं की सुरीने खरवडून पूड करा.

आता चार सारख्या वाट्या घ्या आणि त्यांवर १ ते ४ आकडे चिकटवा. दूध उकळा. वाटी ३ मध्ये अर्धा चमचा पूड टाकून मोठ्यांनी तिच्यावर उकळतं दूध ओतावं. बाकीचं दूध कोमट होऊ द्या आणि उरलेल्या तीन वाट्यांत ओता. वाटी १ मध्ये अर्धा चमचा ताजं दही घाला. वाटी २ मध्ये अर्धा चमचा पूड घाला. वाटी ४ मध्ये काहीच घालू नका. वाटी ३ कोमट झाली की चारही वाट्या झाकून एकाच उबदार जागी ठेवा. दर दोन तासांनी, न ढवळता, वाटी किंचित कलती करून पाहा आणि वहीत नोंद करा.

बहुधा १ नंबर आधी लागेल. २ नंबर उशिरा लागेल, कारण वाळताना बरेच जिवाणू मेलेले असतात आणि उरलेल्यांना आधी संख्या वाढवावी लागते. ३ नंबरचं काय झालं, ते तुम्हीच पाहा. आणि ४ नंबर कशाला ठेवली? दूध आपोआप तर लागत नाही ना, हे पाहायला. २ नंबर लागलीच नाही तर नाराज होऊ नका. थर जाड झाला का, हवा दमट होती का, दूध जास्त गरम होतं का, याचा विचार करा आणि पुन्हा करा. मात्र एक अट: या वाट्यांतलं काहीही खायचं नाही. नोंदी झाल्या की झाडांना घालून टाका.

तुमची वही वर्गात बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. आणि आई-बाबांना हा लेख वाचून दाखवताना वाटी २ आणि वाटी ३ शेजारी शेजारी ठेवा. पूड तीच, दूध तेच, फरक फक्त ते किती गरम होतं याचा. पुढच्या वेळी घरात कोणी आजारी पडलं आणि डॉक्टरांनी अशी पुडी दिली, तर "थांब, दूध कोमट होऊ दे!" असं सांगणारं माणूस तुम्हीच असाल.